स्टेन सुकेपर्यंत

“थांब! आत येऊ नकोस!”

वास जावा म्हणून दार उघडंच ठेवलं होतं. दारात रश्मी उभी होती, एक पाय आत टाकायला उचललेला. तिने तो मागे घेतला.

प्रफुल्ल समोरच्या टोकाला, स्वयंपाकघराच्या दारात होता. मधे गिरगावातल्या त्या जुन्या घराची लाकडी जमीन, नुकताच अक्रोडी रंगाचा स्टेन दिलेली. दोन महिन्यांपूर्वी ही त्याची बायको रागावून दादरला भावाकडे निघून गेली. तिला परत ये म्हणायचं सोडून या पठ्ठ्याने रजा काढली आणि जमीन घासायला घेतली. रश्मीचं ते कित्येक वर्षांचं मागणं होतं. जमीन झकास करायची आणि मगच तिला बोलवायचं, असं त्याने ठरवलं होतं. हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं, तिला तर नाहीच.

“ऑइलचा स्टेन आहे, ओला आहे अजून,” तो म्हणाला. “यावर वॉटरबेस पॉलिशचा हात मारायचाय. खालचं तेल पुरतं सुकलं नाही ना, तर पॉलिश धरत नाही. पापुद्रे निघतात. वॉटरबेस मुद्दाम आणलंय, त्याला फार वास नसतो.”

तुला वासाने खोकला येतो म्हणून, एवढं मात्र त्याच्या तोंडून निघालं नाही. असली वाक्यं त्याला कधीच जमली नाहीत.

रश्मीच्या हातात जाताना नेलेलीच बॅग होती. उरलेले कपडे न्यायला आली असणार, असं त्याने धरूनच टाकलं.

“शुक्रवारी ये,” तो म्हणाला. “नाहीतर तुझे कपडे मीच पाठवतो कुणाबरोबर तरी.”

दाराशी काढलेल्या चपला तिने पुन्हा पायात घातल्या.

“नको पाठवूस. मी आता नाही यायची.”

जिन्यावर तिची पावलं ऐकू येत होती. धावत जावं, हाक मारावी, असं त्याला फार वाटलं. पण जायचं तर जमिनीवरून जावं लागणार, आणि जमीन बिघडली तर तिला दाखवणार काय? त्याने खाली बसून कोपऱ्यातली फळी पांढऱ्या फडक्याने पुसून पाहिली. फडक्याला रंग लागला. म्हणजे त्याचं बरोबरच होतं.

थोड्या वेळाने शेजारच्या मालनकाकू भाजी घेऊन वर आल्या आणि दारातूनच डोकावल्या.

“रश्मी आत आहे ना रे? मगाशी बाजारात जाताना खाली भेटली, वरच यायला निघाली होती. दादाकडचं सगळं आवरून आले म्हणाली. मी म्हटलं, अगं मग रडतेस कशाला, जा की वर! तर म्हणते कशी, ‘काकू, मला आता काही नको. त्याने नुसतं आत ये म्हटलं तरी बास.’”