किड्याचं बारसं

साहेबानं टाक दौतीत बुडवला आणि मान वर करून विचारलं, "मग नाव काय ठेवायचे?"

दाराआड उभ्या असलेल्या जमुनेनं कान टवकारले. ओला हात पदराला पुसायचंही तिला भान राहिलं नाही.

नाव ठेवायचं होतं एका किड्याचं. हसू नका, खरंच किड्याचं! वऱ्हाडातला कापूस पाहायला सरकारनं पाठवलेला हा साहेब कापूस कमी आणि किडेच जास्त पाहायचा. कौंडण्यपुराच्या अलीकडं वर्धेच्या पात्रात एक बेट आहे. त्या बेटावरच्या टरबुजाच्या वाडीत जमुना दुपारी भाकर खाऊन पितळी घासायला बसली होती. तिनं पाण्यातली मूठभर रेती घेतली, तर त्यातली चिमूटभर रेती आपल्या पायांनी चालायला लागली! नीट पाहिलं तर रेतीच्या कणाला कण चिकटवून केलेली एक इवलीशी नळी, आणि आतून डोकं काढून बघणारी अळी. जमुनेनं ती तांब्यात घालून घरी आणली. त्यांच्याच ओसरीवर मुक्कामाला असलेल्या साहेबानं ती पाहिली आणि तो खुळ्यासारखा नाचायलाच लागला.

वीस दिवस साहेबाच्या बरण्या ओसरीवर होत्या. रोज नदीचं ताजं पाणी घालायचं काम अर्थात जमुनेचंच. काल सकाळी नळीतून बाहेर आलेली अळी काही अळी राहिली नव्हती. राखाडी पंखांची, पंखांवर बारीक लव असलेली माशी होती ती. साहेबानं भिंग लावलं, पंखांच्या शिरा मोजल्या, पेटाऱ्यातली सगळी पुस्तकं उलथीपालथी केली. अशी माशी कुठल्याच पुस्तकात नव्हती. ही जात नवी आहे, असं त्यानं जाहीर करून टाकलं.

"किड्याची बी जात पायते म्हन्जे साहेब आपल्यातलाच हाय!" वामनमामा म्हणाले, आणि ओसरी खदखदली.

वामनमामा म्हणजे जमुनेच्या नवऱ्याचे, खुशालरावांचे मामा. हिवरखेडहून ते काही किडा बघायला आले नव्हते. तिकडं अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडं वऱ्हाडातल्या कापसाचं सोनं झालं. खुशालरावांच्या बैलांच्या शिंगांना चांदी आली. घरात सगळं आलं, पाळणा तेवढा आला नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. मामांनी हिवरखेडची एक पोरगी पाहून ठेवली होती. आज सुपारी फोडूनच जायचं, असं ठरवून ते आले होते. त्यांचं सकाळपासून एकच पालुपद चाललं होतं, "एवढं कमावून राहिला, पन तुयं नाव चालवाले कोन?"

खुशालराव हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते. जमुनेला त्याचाच जास्त राग आला होता. सवत आणायची तर तोंडानं सांगा की बाप्पा! आपण मग तिच्या पोरांचे पाळणे हलवायला मोकळ्या. तिला रडायला येत होतं, पण पाहुण्यांचा सगळा स्वयंपाक पडला होता, आणि रडायला तरी फुरसत कुठं होती?

"हे नाव विलायतेच्या ग्रंथात छापले जाईल," साहेब पोथीतल्यासारखं शुद्ध मराठी बोलला. "जगात जोवर कोणी वाचेल, तोवर ते राहील."

मामा ताडकन उठले. "खुशाल, सांग ना मग तुयं नाव! असा मोका पुन्ना येत नाई."

आता ते नाव ठरल्यातच जमा होतं. खुशालरावांना आपल्या नावाची हौस दांडगी. हंड्यावर नाव, पाण्याच्या गुंडावर नाव, गाडीच्या जुवावरसुद्धा कोरलेलं नाव. एक किडाच काय तो राहिला होता.

साहेबानं बोट वर केलं. "आमची रीत निराळी आहे. ज्याने प्रथम पाहिला, त्याचे नाव देणे उत्तम. आणि मला त्याचे खरे नाव पाहिजे."

आली का पंचाईत! किडा कुणी पाहिला हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण चारचौघांत बायकोचं नाव घ्यायचं म्हणजे काय खेळ आहे? बावीस वर्षांत खुशालरावांनी "अवं" आणि "आयकलं का" याच्या पुढं मजल मारली नव्हती.

"घे आता!" मामा मांडीवर थाप मारून हसले. "सांगतं का बायकोचं नाव? आपलंच सांगून दे, चाल!"

खुशालरावांचे कान लालबुंद झाले. त्यांनी एकदा दाराकडं पाहिलं, एकदा साहेबाकडं. मग घसा खाकरून म्हणाले, "लिवा साहेब. मनकर्णा."

साहेबानं लिहून घेतलं. मामा पुढं सरसावले.

"मनकर्णा? हिवरखेडच्या पोरीचं नाव तं सत्यवती हाय!"

"हिवरखेडले सांगून द्या मामा, सुपारी फोडत नाई," खुशालराव म्हणाले. "नावच चालवाचं होतं ना? चाललं. आता दुसरं लगन काहून करू?"

"अरे पन हे मनकर्णा कोन?"

ओसरीवरची माणसं एकमेकांची तोंडं पाहू लागली. गावात या नावाची बाई नव्हती. भावकीत नव्हती. मामांनी बोटांवर मोजून साऱ्या सोयऱ्यांच्या लेकीसुना आठवून पाहिल्या, तरी सापडेना.

दाराआड जमुनेनं ते नाव ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. बावीस वर्षांपूर्वी लग्नाच्या मांडवात सासूनं तिचं नाव बदलून जमुना ठेवलं होतं. त्याआधी ती मनकर्णा होती.