वर्गणीदाराची गाडी

पैज लागली ती ऑर्फाच्या ओसरीवर, शेंगा सोलता सोलता.

"कधी आग लागलीच आणि गावचा बंब अर्ध्या तासाच्या आत आला, तर तुझी ती चेरी लटकवलेली जांभळी हॅट घालून मी रविवारी चर्चमध्ये बसेन," व्हर्लन म्हणाला. "तेही पुढच्या बाकावर."

"आणि नाही आला तर?"

"तर तू सगळ्यांसमोर उभी राहून सांगायचं, की व्हर्लनचा मक्याचा ब्रेड माझ्यापेक्षा चांगला होतो."

"देवाच्या घरात खोटं बोलायला लावतोस मेल्या?" म्हणत ऑर्फानं टाळी दिली.

टेनेसीतला हा रस्ता गावाच्या हद्दीबाहेरचा. इथल्या घरांना गावचा बंब हवा असेल तर वर्षाला पंच्याहत्तर डॉलर वर्गणी. भरायची की नाही, ज्याची त्याची मर्जी. ऑर्फा दर जानेवारीत भरायची. शेजारचा व्हर्लन बावीस वर्षं भरत नव्हता. "आग लागायच्या आधीच आगीचे पैसे? मग उद्या भुताचेही मागतील!"

गुरुवारी दुपारी व्हर्लननं मागच्या अंगणात पिंपात पाला पेटवला आणि कॉफी ओतून घ्यायला आत गेला. तेवढ्यात वारा सुटला. कप घेऊन बाहेर येतो तर स्वयंपाकघराची लाकडी भिंत पेटलेली.

फोन ऑर्फानं केला. व्हर्लनचं नाव सांगून उपयोग नाही हे तिला ठाऊक होतं. "माझं कुंपण पेटतंय, लवकर या," एवढंच सांगितलं.

बंब अकरा मिनिटांत आला.

"अकरा!" ऑर्फा कुंपणावरून ओरडली. बागेतला पाइप धरून भिंतीशी झुंजणाऱ्या व्हर्लननं तिच्याकडे असं बघितलं, की ती गप्प झाली.

बंबाचा मुख्य गेलन. व्हर्लनच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. त्यानं बंबावरच्या पोरांना नळी ओढायला लावली आणि ऑर्फाचं कुंपण भिजवायला सुरुवात केली.

"अरे गेलन, घर इकडं आहे!"

"मामा, यादीत नाव नाही तुझं."

"आत्ता देतो. दुप्पट देतो. चौपट घे!"

"आग लागल्यावर घ्यायचे नाहीत, तसा हुकूम आहे. घेतले तर आधी भरील कोण?"

आधी न भरणारा एक माणूस व्हर्लनला चांगलाच माहीत होता.

"हे घर मी आणि तुझ्या मामीनं हातानं बांधलंय रे," तो एवढंच म्हणाला.

गेलननं मान फिरवली. पाणी कुंपणावरच पडत राहिलं. भिंतीवरची ज्वाळा छपराच्या कडेला पोचली.

तेवढ्यात काड्काड् आवाज झाला. ऑर्फाची पिकअप, खुद्द ऑर्फासकट, ते भिजलेलं कुंपण मोडून व्हर्लनच्या अंगणात शिरली आणि जळत्या भिंतीला खेटून उभी राहिली. ऑर्फा उतरली, दार लावलं, झगा झटकला.

"मावशी, गाडी मागं घे!"

"चालू होत नाही."

"आत्ता तर चालवत आणलीस!"

"म्हातारी झालीय रे. कधी बसेल नेम नाही." मग तिनं कमरेवर हात ठेवले. "गेलन, वर्गणी भरलीय ना मी?"

"भरलीय."

"मग माझी गाडी जळतेय."

आल्यापासून पहिल्यांदाच गेलनचे दात दिसले.

"पोरांनो, मावशीची गाडी वाचवा!"

गाडी वाचवायची तर भिंत विझवायला हवी. भिंत विझवायची तर छप्पर. पोरांनी गाडी इतकी नीट वाचवली, की व्हर्लनच्या स्वयंपाकघरात घोट्याएवढं पाणी साचलं. गाडीचा एका बाजूचा रंग तेवढा पापडासारखा फुगला.

शुक्रवारी सकाळी, गावची कचेरी उघडायच्या आधीच, व्हर्लन दारात वर्गणी घेऊन उभा होता.

रविवारी तो जांभळी हॅट घालून पुढच्या बाकावर बसला. मान हलली की चेरी हलायच्या, आणि पास्टर दर वेळी ओळ विसरायचे. प्रार्थना संपल्यावर चर्चच्या अंगणात लोकांनी त्याला घेरलं. "हनुवटीखाली रिबन बांध ना गं व्हर्लनबाई!" गेलन तर पोट धरून पायरीवरच बसला होता.

त्या हसण्यात ड्रूसीआजी काठी टेकत ऑर्फाजवळ आल्या. ओढ्यापलीकडे एकट्या राहायच्या. वर्गणी भरली की त्या महिन्याची औषधं निम्मी, म्हणून भरायच्या नाहीत.

"ऑर्फा, तुझ्या घरापासून माझ्याकडे गाडीला किती वेळ लागतो गं?"

"का हो आजी?"

"माझी शेगडी जुनी झालीय. ठिणग्या उडवते."

हसणं थांबलं. गेलन पायरीवरून उठला आणि बुटांकडे बघत राहिला.

"आजी, मी भरते तुमचे," ऑर्फा म्हणाली.

"पैसे नकोत. वेळ विचारला मी."

ओढ्याला वळसा घालून जायचं म्हणजे वीस मिनिटं. वीस मिनिटांत आग कुठवर जाते, ते गुरुवारी ऑर्फानं बघितलं होतं.

व्हर्लननं घसा खाकरला. "माझी पिकअप नुसतीच उभी असते दिवसभर. तुमच्याकडे सावली बरी आहे, आजी. ठेवू का तिथं?"

आजींनी त्याला हॅटपासून बुटांपर्यंत न्याहाळलं. "ठेव. पण कोंबड्यांना त्रास नको."

दुपारी व्हर्लन आजींच्या घराच्या भिंतीकडे इंच इंच गाडी मागं घेत होता. हॅट तशीच डोक्यावर, चेरी खिडकीबाहेर डोलतायत. चर्चमधली निम्मी माणसं ओढ्याकाठी जमलेली. आणि कोंबड्यांच्या गर्दीत गेलन उभा, दोन्ही हातांनी खुणावत:

"अजून जवळ, मामा! अजून जवळ!"