चौघींचा गट

भिंतीपलीकडे मुली पुन्हा हसल्या. भवानी फळ्यावर वाक्य अर्धवट टाकून थांबली.

पलीकडे राजमचा तास होता. तंजावरच्या या शाळेत तिला चार महिनेही झाले नव्हते. बाकं फिरवून ती मुलींचे चौघीचौघींचे गट करायची, एक विषय द्यायची आणि त्यांना इंग्रजीत बोलू द्यायची. भवानी सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवत होती. तिच्या वर्गात मुली श्वाससुद्धा जपून घ्यायच्या. पण मधल्या सुट्टीत घोळका असायचा तो राजमभोवती. परवा तर शांभवी, जिने भवानीच्या वर्गात दोन वर्षं तोंड उघडलं नव्हतं, जिन्यात राजमशी इंग्रजीत वाद घालत होती. त्या दुपारी भवानीच्या घशाखाली दहीभात उतरला नाही.

तिने मुख्याध्यापक शेषाद्रींकडे तक्रार केली. "वर्ग आहे का बाजार?"

"एकदा तिच्या तासाला बसा," ते म्हणाले. "मग लेखी द्या."

दुसऱ्या दिवशी भवानी वही घेऊन गेली. चुका टिपायला. शांभवीच्या गटातली एकजण आली नव्हती.

"अक्का, इथेच बसा," राजम म्हणाली. "चौथी कमी आहे."

विषय होता, दुसऱ्याकडची कुठली गोष्ट आपल्याला हवीशी वाटते. एकीला तिरुवैयारूच्या मामेबहिणीची मोपेड हवी होती. दुसरीला शेजारणीचे केस. शांभवीला भावासारखं चेन्नईच्या कॉलेजात जायचं होतं. ती अडखळली, क्रियापदात चुकली, तरी बोलत राहिली. भवानीने तीन चुका लिहिल्या.

मग शांभवी तिच्याकडे वळली. "अँड यू, टीचर?"

भवानीचं पेन थांबलं. व्याकरणाचा प्रत्येक नियम तिला पाठ होता. तो ती तमिळमधून समजावायची. ज्याचं उत्तर पुस्तकात नाही असा प्रश्न तिला इंग्रजीत आजवर कुणी विचारलाच नव्हता. तिघी मुली वाट पाहत होत्या.

शांभवी जवळ सरकली आणि दोघींच्याही घरी बोलतात त्या तंजावरी मराठीत हळूच म्हणाली, "चुकलं तरी चालतं, टीचर. इथे कुणी हसत नाही."

भवानीने राजमकडे पाहिलं. ती पलीकडच्या गटात खाली वाकून ऐकत होती. मग एकेक शब्द जुळवत भवानी म्हणाली,

"आय वॉन्ट... धिस क्लास."