पुढच्या चाकाची हवा

नळदुर्गच्या अलीकडच्या ढाब्यावर रणधीरने गाडी लावली, तेव्हा एका लाल मोटरसायकलीपाशी कोणीतरी उकिडवं बसलं होतं. त्या मोटरसायकलीचं पुढचं चाक पार चपटं झालं होतं.

रणधीरला मनापासून आनंद झाला.

परंड्याचा बजरंग लाल गाडीवरून येणार आणि इथं भेटणार, असं ठरलं होतं. दोघांची गाठ आजवर पडली नव्हती. मोटरसायकलवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बजरंगच्या फोटोच्या जागी ट्रॅक्टर होता. माणसाची लायकी तिथंच कळत होती. श्रीशैलमच्या सहलीला सगळ्यांनी हवा भरायचा कोणता पंप घ्यायचा, यावर दोघांचं महिनाभर जुंपलं होतं. रणधीरने बॅटरीवरच्या पंपांची अभ्यासपूर्ण तुलना टाकली. बजरंगने एका ओळीत उत्तर दिलं, ‘पायानं मारायचा पंप बरा, मला तर रोज लागतो.’ आणि अडाण्यांनी त्यालाच अंगठे दिले!

सहलीचा म्होरक्या आज ठरायचा होता. बाकीचे तुळजापुरात चहाला थांबले होते. ते यायच्या आत बजरंगने हार मानली, तर मान रणधीरचाच होता.

“बजरंग ना रे?”

तो दचकून उठला. तोंडाला रुमाल बांधलेला होता.

“व्हय.”

“कुठाय तुझा फूटपंप? महिनाभर माझ्याशी भांडलास ना त्याच्यासाठी?”

“न्हाय आणला. तुमचंच पटलं.”

महिनाभर भांडलेला गडी इतक्यात आडवा झाला, याचं रणधीरला जरा वाईटच वाटलं. त्याने चाक फिरवून पाहिलं. खिळा नाही, काच नाही, व्हॉल्व्हही धड.

“पंक्चर नाही हे. निव्वळ हयगय. बैलाला तरी दोन वेळा पाणी दाखवता, गाडीला तेवढंही नाही.”

“चुकलंच, सायेब.”

रणधीरने बॅगेतून मुठीत मावणारा पंप काढला. “बघ. नळी आट्यांची घ्यायची, फिरवून बसवायची. इथं आकडा लावायचा. तेवढी हवा भरली की आपोआप बंद. भंगारातल्या पंपाला हे कळत नाही. तुझं त्याच्याशी का जमतं, ते आत्ता ध्यानात आलं.”

पंप घरघरू लागला. तो गडी मात्र पंपाकडे बघेना. त्याची नजर ढाब्याच्या दाराकडे, नाहीतर रस्त्याकडे.

“लई टाइम लागंल का?”

“फूटपंप मारत बसला असतास तर संध्याकाळ झाली असती. शिकायचं असेल तर इकडं बघ.”

पंप थांबला. चाक टणटणीत झालं होतं.

“आता बोल.”

“तुमच्यासारखा मानूस भेटला न्हाय आजपतोर.” हे तो अगदी मनापासून बोलला.

“हेच चारचौघांत बोलायचं. तिथं शब्द फिरवायचा नाही.”

“न्हाय फिरवत.”

“एक चक्कर मारून ये. आणि पंप ठेव तुझ्याकडंच. मंडळी आली की मागच्या चाकावर तूच करून दाखव. बघू काय शिकलास.”

त्याने पंप खिशात घातला, गाडीला लावलेली चावी फिरवली आणि तो हैदराबादच्या अंगाला निघून गेला. मागे वळून एकदाही पाहिलं नाही. लाजला असावा, असं रणधीरला वाटलं.

त्याने दोन चहा सांगितले आणि ग्रुपवर लिहिलं, ‘बजरंगने तोंडाने कबूल केलं. पंप ठरला. म्होरक्याचं तुम्हीच ठरवा.’

तेवढ्यात ढाब्याच्या मागून एक जण ओले हात शर्टाला पुसत आला. फोनकडे बघत चालता चालता रिकाम्या जागेपाशी तो थबकला.

“रणधीरदादा न्हव का तुमी? अवो, म्या कवा कबूल केलं? आन् माजी गाडी कुणी नेली?” त्याचा चेहरा उतरला. “पर नेईल तरी कशी? आमच्या वस्तीवर गाडी लावली की पुढच्या चाकाची हवा सोडून देत्यात, चावी काडायचीबी गरज न्हाय. आत्ताच तर म्या सोडली व्हती.”