रक्तवाढीची गोळी

सुकेशनीला सातवा महिना लागला, तेव्हा दाराशी बांधलेली मैना शेळीही गाभण होती. बानाबाईनं दोघींचंही सारखंच मनावर घेतलं होतं. आशाताईनं दिलेल्या लाल गोळ्यांनी सुनेला मळमळतं, म्हणून ती रोज जेवण झालं की तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची. सुकेशनी गूळ आणि गोळ्यांचं पाकीट घेऊन दाराबाहेर जायची, आणि आत येऊन पाकिटातलं गोळीचं मोकळं झालेलं घर न चुकता दाखवायची.

आज संभाजीनगरच्या दवाखान्यात रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन नवाचं सात झालेलं. पैठणच्या एसटीनं दोघी परतल्या. घरी आल्यावर बानाबाईचे डोळे भरून आले.

"माझंच चुकलं गं पोरी. शेळीच्या अंगावर बघ कसं तेज आलंय, अन् तू पार पांढरीफटक पडलीस. मी मुक्या जनावराचेच लाड करत बसले, तुझ्याकडं ध्यानच नाय दिलं."

"तसं नाय, आत्याबाई," सुकेशनी कशीबशी बोलली.

"व्हय, तसंच हाय. आजपासून मी माझ्या हातानं देते तुला," असं म्हणून बानाबाईनं दारातच नवं पाकीट कडकन फोडलं.



तो आवाज कानावर पडताच मैना धडपडत उठली, आणि दावं ताणून, रोजच्यासारखं, सुकेशनीच्या मुठीत तोंड खुपसू लागली.