सातवा पदर

राणीचा सातपदरी मोत्यांचा हार कधीच मोडला गेला होता. सहा पदर कुठल्या नव्या दागिन्यांत गेले, ते जुन्या दागिन्यांचा अभ्यास करणाऱ्या श्रुतीने शोधून काढलं होतं. सातवा राणीने सुईणीला बक्षीस दिला होता. त्या सुईणीची नात, आता म्हातारी झालेली करिमुन्निसा, उरणला राहत होती.

"आजी, मोती अजून आहेत ना?" श्रुतीने तिला विचारलं.

"हायत. चल, दाखवते."

आजी तिला कबरस्तानाशी घेऊन गेली आणि फाटकाबाहेरूनच तिने एका लहानशा कबरीकडे बोट केलं.

"माजा पोरगा, तबरेज. काळीज कमजोर होतं त्याचं. हकीम म्हनला, मोत्यांची पूड करून मधातून चाटव."

"आणि मोती?" श्रुतीने विचारलं.

"सगळे त्याच्या पोटात हायत."