दबलेला बर्फ

"बघ, आता पाणी येईल," बेडेकर सर म्हणाले. गोठलेल्या समुद्रावर ओणवी होऊन शाल्मली ड्रिल आत रेटत होती. मीटरभर खोल गेलं तरी भोक कोरडंच होतं.

उपग्रहाच्या आकड्यांवरून सरांच्या सूत्रानुसार इथे बर्फ जेमतेम मीटरभर जाड होता. म्हणजे सामानाची गाडी यावरून येणं अशक्य, आणि मोहीम गुंडाळायची. त्यांची विद्यार्थिनी शाल्मली मात्र हट्टाला पेटली होती. "सर, बर्फ पाण्यावर किती डोकावतो, तेवढंच उपग्रहाचं रडार सांगतं. यंदा वर गुडघाभर भुसभुशीत हिम साठलंय. त्याच्या ओझ्याने बर्फ खाली दबलाय, म्हणून वर कमी डोकावतो आणि पातळ वाटतो. तुम्ही हिम फार कमी धरलंय!" तेव्हापासून सर तिच्याशी धड बोलले नव्हते.

ड्रिलला दुसरा दांडा जोडला. तोही संपत आला, आणि समुद्राचं पाणी भसकन वर आलं. शाल्मलीने टेप आत सोडली. सरांनी पोटावर पालथं पडून आकडा वाचला.

"पुन्हा सोड."

पुन्हा तेच. जवळजवळ दोन मीटर!

सर उठले. हातमोजे काढून फेकले आणि रिकाम्या आभाळाकडे बघत त्यांनी कोपरापासून हात जोडले. "बाबा रे," न दिसणाऱ्या उपग्रहाला ते ओरडून म्हणाले, "तू खरंच सांगत होतास. मलाच ऐकता आलं नाही!"

मग शाल्मलीकडे वळून खदखदून हसले. "आणि तूसुद्धा खरंच सांगत होतीस. लाव वायरलेस. गाडीवाल्याला म्हणावं, ये बिनधास्त!"